दरफाळणी, बिरडं आणि उरूस

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून लोकल सुटली की पहिलं स्टेशन लागतं ते मशीद. ही मशीद कोणती, असं डब्यातल्या कुणालाही विचारा. आसपासच्या दोन-तीन मशिदींची नावं तुम्हाला ऐकायला मिळतील. जुने मुंबईकर मात्र वेगळं सांगतात. ते म्हणतात, हे नाव पडलं ज्यूंच्या प्रार्थनाघरावरून. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत एक सिनेगॉग उभारलं. त्याचं हिब्रू नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचं द्वार. पण ज्यांनी ते बांधलं ते लोक त्याला ‘मशीद’ म्हणत, आणि पुढे शहरात आणखी सिनेगॉग झाली तेव्हा ती ‘जुनी मशीद’ झाली.

आता पुण्याला चला. लष्कर भागात लाल विटांची, उंच मनोऱ्याची एक देखणी इमारत आहे. डेव्हिड ससून यांनी बांधलेली ही वास्तू १८६७ साली पुरी झाली. तिचं खरं नाव ‘ओहेल डेव्हिड’. पुणेकर मात्र तिला पिढ्यान् पिढ्या ‘लाल देऊळ’ म्हणत आले आहेत. तेही ज्यूंचं सिनेगॉगच.

श्रोतेहो, एकाच धर्माच्या प्रार्थनाघराला मुंबईत मशीद म्हणायचं आणि पुण्यात देऊळ. यात कुणाला गोंधळ वाटेल. मी कवितेचा माणूस, मला यात भाषेचा मोठेपणा दिसतो. नवं काही दारात आलं की भाषा आपल्याजवळचाच एखादा शब्द उचलून त्याच्या हातात देते. आज मला बोलायचं आहे ते अशाच काही शब्दांबद्दल. हे शब्द म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, बेने इस्रायलांच्या सणांची मराठी नावं.

माझा या विषयाशी संबंध शेजाऱ्याचा. मी रायगड जिल्ह्यातला कोकणी मुसलमान. लहानपणी आमच्या आळीच्या टोकाला बेने इस्रायलांची दोन घरं उरली होती. बाकीची घरं कुलूपबंद होती, नाहीतर विकली गेली होती. त्यातल्या एका घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळी आळी मावशी म्हणायची. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, आणि बोली अस्सल कुलाब्याची. हे लोक कोण, असं मी घरी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, ‘कुराणात ज्यांना बनी इस्राईल म्हटलंय ना, ते हे.’ ग्रंथातली माणसं आपल्या आळीत राहतात आणि आपल्याला चिंचा देतात, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. पुढे बी.ए. झाल्यावर हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा बेने इस्रायलांवरचा इतिहास वाचनात आला. त्यांनी तो १८९७ साली लिहून पुरा केला होता, पण छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. मावशींच्या तोंडी ऐकलेले शब्द त्यात इंग्रजी अक्षरांत सापडले. तेव्हापासून हे सण समजून घेण्याचा नाद लागला तो लागलाच.

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते, की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथंच पुरलं. नवगावला त्यांचं स्मारक आहे. वाचलेल्यांचा वंश कोकणच्या खेड्यांत पसरला आणि ज्या गावी राहिला त्या गावचा झाला. पेणकर, रोहेकर, केहीमकर, चेऊलकर, दिवेकर, अष्टमकर. नटवर्य डेव्हिड आपल्याला ‘बूट पॉलिश’मुळे ठाऊक आहेत, त्यांचं आडनाव चेऊलकर. या लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली, ते ‘सोमवार तेली’. धर्माचा भेद गावानं असा वाराच्या नावानं सांगितला.

धर्मग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, पण काही गोष्टी टिकल्या. शनिवारची विश्रांती टिकली. मुलाची आठव्या दिवशी सुंता टिकली. ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारी ‘शमा’ ही प्रार्थना टिकली. जन्म असो, लग्न असो, मृत्यू असो, प्रत्येक प्रसंगी तेवढीच एक म्हणायची. आणि टिकलं खाण्याचं पथ्य. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला. तो केव्हाचा, यावर अभ्यासकांत शतकांचे मतभेद आहेत. कथा अशी, की हे लोक खरंच ज्यू आहेत का हे पाहायला त्यानं बायकांना एक टोपलीभर मिसळीची मासळी रांधायला दिली. बायकांनी ज्या माशांना पर आणि खवले नाहीत ते बाजूला काढले आणि म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. त्याची खात्री पटली. कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्यांच्या मुलखात राहून हे पथ्य पाळणं म्हणजे काय, हे कोकणी माणसालाच कळेल. राहाबीनं काही जणांना धर्माचं शिक्षण दिलं आणि समाजाचे पुढारी नेमले. त्यांना म्हणत ‘काजी’.

आता सणांकडे वळण्याआधी पंचांगाचं थोडं गणित सांगतो, कारण त्यावाचून पुढची गंमत कळणार नाही. ज्यू महिना चांद्रमास असतो. तो चंद्राच्या कोरीपासून सुरू होतो आणि पौर्णिमेला मध्यावर येतो. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शुक्रवारचा सूर्य बुडाला की त्यांचा शनिवार लागला. इथपर्यंत आम्हा मुसलमानांचं आणि त्यांचं एकच. पण बारा चांद्रमासांचे होतात सुमारे ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. आम्ही ती तूट भरून काढत नाही, म्हणून आमचा रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात. हिंदू पंचांग ती तूट अधिक महिना घालून भरतं. ज्यू पंचांगही तसंच करतं. १९ वर्षांत ७ वेळा त्यांचा अदार महिना दोनदा येतो. म्हणून त्यांचे सण आपापला ऋतू सोडत नाहीत.

याचा परिणाम पाहा. २०२५ साली ज्यूंचं नवं वर्ष २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू झालं, त्याच दिवशी घटस्थापना होती. त्यांचा सर्वांत मोठा उपास २ ऑक्टोबरला होता, त्या दिवशी दसरा. त्याआधी मार्चमध्ये त्यांचा पुरीम १३ तारखेच्या संध्याकाळी लागला, तेव्हा गावोगाव होळ्या पेटत होत्या. वल्हांडण लागला १२ एप्रिलच्या संध्याकाळी, हनुमान जयंतीच्या दिवशी. दरवर्षी असं जुळतं असं नाही. दोन्हींकडचे जादा महिने वेगवेगळ्या वेळी आले की महिन्याचं अंतर पडतं. पण चंद्र तोच, आणि बहुतेक वर्षं त्यांची पौर्णिमा तीच आपली पौर्णिमा. शेकडो वर्षं कोकणात राहताना, हातात लिखित पंचांग नसताना, या लोकांनी आपले सण कसे धरून ठेवले असतील, याचा थोडा अंदाज यावरून येतो.

वर्ष सुरू होतं तिश्री महिन्यात. हिब्रूत रोश हशाना, कोकणात ‘नव्याचा सण’. भात तयार होण्याचे ते दिवस. सिनेगॉगमध्ये मेंढ्याचं शिंग फुंकतात. त्यात इब्राहीम पैगंबरांच्या कुर्बानीची आठवण आहे, तीच जी आमच्या बकरी ईदला असते. घरात गव्हाचा चीक काढून, नारळाच्या दुधात घोटून हलवा होतो. नारळाचं दूध का, तर ज्यू धर्मात मांस आणि दूधदुभतं एका जेवणात चालत नाही. कोकणात नारळ होता म्हणून हे पथ्य कुणाला जड गेलं नाही. सागुती नारळाच्या रसात, आणि गोडधोडही नारळाच्या रसात. नव्याच्या सणानंतर तीन दिवसांनी, चौथ्या तिथीला, ‘खिरीचा सण’. नव्या तांदळाची, नारळाची खीर करायची, शमा म्हणायची आणि खायची.

मग दहाव्या तिथीला येते ‘दरफाळणी’. दारं लावून घेण्याचा सण. हिब्रूत योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, सुमारे पंचवीस तास, अन्न नाही आणि पाण्याचा थेंब नाही. जुन्या काळी कोकणात सिनेगॉग नव्हतं, तेव्हा लोक स्नान करून पांढरे कपडे घालत, दारं लावून घेत आणि दिवसभर घरात राहत. परक्याशी बोलणं नाही, व्यवहार नाही. आमच्या लहानपणी गावाजवळ सिनेगॉग होतं, पण मावशींचं दार त्या दिवशी लावलेलंच असायचं. एरवी सताड उघडं असणारं दार. आम्हा पोरांना ताकीद होती की त्या दारासमोर दंगा करायचा नाही. आई म्हणायची, ‘आज त्यांचा हिशेब चाललाय.’

हा हिशेब काय असतो ते मला पुढे वाचून कळलं. ज्यू धर्मशास्त्र म्हणतं, की माणसानं ईश्वराचा जो अपराध केला असेल त्याची क्षमा या दिवशी मिळते. पण माणसानं माणसाचा केलेला अपराध ईश्वर आपल्या अधिकारात माफ करत नाही. त्यासाठी त्या माणसाकडेच जायला हवं. हे वाचताना मी थबकलो, कारण इस्लाममध्ये हेच आहे. आम्ही त्याला ‘हुकूकुल इबाद’ म्हणतो, माणसांचे हक्क. नमाज चुकली तर अल्लाहशी बोलता येईल. शेजाऱ्याचा बांध कोरला असेल तर शेजाऱ्याच्याच दारी जावं लागेल.

दरफाळणीच्या दुसऱ्या दिवशी दारं उघडायची. त्या दिवसाचं नाव ‘शिळा सण’. गोरगरिबांना दानधर्म करायचा आणि नातलगांकडे, स्नेह्यांकडे भेटीला जायचं. आदल्या दिवशी मिटलेल्या दाराला त्यामुळे अर्थ येतो.

माघी पौर्णिमेच्या सुमारास शबात महिन्याची पंधरावी तिथी असते. जगभरचे ज्यू तिला झाडांचं नवं वर्ष म्हणतात. कोकणात तिचं नाव काय असेल? ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’. एलियाहू म्हणजे एलिया पैगंबर. कुराणात तेच इलियास. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर काही खुणा आहेत. एलियाहू आपल्या रथातून इथूनच आकाशात गेले, त्या या खुणा, अशी श्रद्धा आहे. या तिथीला तिथं माणसं जमतात आणि मलिदा करतात.

मलिद्याचं ताट मी मावशींच्या घरी पाहिलं, त्यांच्या पुतण्याला मुंबईत नोकरी लागली तेव्हा. नवस फेडायचा, लग्नाआधी आशीर्वाद मागायचा, संकटातून सुटल्याचे आभार मानायचे, की मलिदा. भिजवलेले पोहे, खवलेलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. हिब्रूत प्रार्थना, मध्येच एलियाहूचं गाणं, आणि मग सगळ्यांना प्रसाद. आमच्या घरीही फातिहाला मलिदा होई. तो चपात्या कुस्करून, तूप-गूळ घालून केलेला. आमचं ताट त्यांच्याकडे जाई, त्यांचं आमच्याकडे येई. नाव एक, चव दोन. कुणी कुणाचं उचललं, असा प्रश्न त्या दोन बायकांना कधी पडला नाही.

फाल्गुनी पौर्णिमेच्या बेताला ‘होळीचा सण’. हिब्रूत पुरीम. इराणच्या दरबारातल्या हामान नावाच्या प्रधानानं ज्यूंच्या कत्तलीचा बेत केला आणि एस्तेर राणीनं तो उधळला, त्याची ही आठवण. कथा वाचताना हामानाचं नाव आलं की पोरं गलका करतात. बाहेर होळीच्या बोंबा, आत हामानाच्या नावानं गोंगाट. आणि ताटात दोन्हीकडे पुरणपोळी.

त्यानंतर महिन्यानं जो सण येतो त्याचं जुनं नाव मला सर्वांत मोलाचं वाटतं. मिसरच्या फिरौनाच्या गुलामीतून मुसा पैगंबरांनी ज्यूंना सोडवलं, त्याचा हा सण. मराठी बायबलात याला वल्हांडण म्हणतात. निघायची इतकी घाई होती की पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून या दिवसांत आंबवलेलं काही खायचं नाही आणि घरात ठेवायचंही नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांना ही कथा पुरती आठवत नव्हती. पण घरात आंबट पाण्याचं एक मडकं असे, चटणी-कालवणाला वापरायचं, ते या दिवसांत झाकून ठेवायचं, एवढं आठवत होतं. म्हणून सणाचं नावच पडलं ‘अनाशी ढाकाचा सण’. अनाशी झाकायची, कशासाठी ते विसरलेलं. एका कौमच्या मुक्तीची एवढी मोठी गोष्ट एका मडक्याच्या झाकणाखाली टिकून राहिली. पुढे सविस्तर कथा परत मिळाली. सणाआधी घराला सफेदी, भांड्यांना कल्हई, आणि सणाच्या रात्री घरातल्या लहान मुलानं विचारायचं की आजची रात्र अशी वेगळी का, आणि मोठ्यांनी सगळी कथा सांगायची. मुसाची ही सुटका आम्हीही आठवतो. हदीसमध्ये आहे, की मदिनेतले यहुदी त्या सुटकेसाठी उपास करतात हे पैगंबरसाहेबांनी पाहिलं आणि आशूऱ्याचा रोजा मुसलमानांनीही ठेवावा असं सांगितलं.

पावसाळ्यात आब महिन्याची नववी तिथी येते. जेरुसलेमचं मंदिर दोनदा उद्ध्वस्त झालं, आधी बाबिलोनच्या आणि मग इसवी सन ७० मध्ये रोमनांच्या हातून. त्याचं दुःख पाळण्याचा हा उपास. कोकणात याचं नाव ‘बिरड्याचा सण’ किंवा ‘बिरड्याचा रोजा’, कारण उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्यानं. इतर देशांतले ज्यूही दुःखाच्या वेळी मसुरासारखं कडधान्य खातात. कोकणानं मसुराच्या जागी वाल ठेवले. मोड काढायचे, एकेक दाणा सोलायचा. हे काम करणारा माणूस बसून राहतो, बोलत नाही. शोकाला साजेसं काम आहे.

आणि वर्षाचा शेवटचा महिना एलूल. नवं वर्ष आणि प्रायश्चित्त जवळ आलं, तेव्हा मनाची तयारी करायचा महिना. अनेक देशांतले ज्यू या महिन्यात पहाटेच्या अंधारात उठून क्षमेच्या प्रार्थना म्हणतात. कोकणात महिनाभर उपास धरायचे आणि त्याचं नाव होतं ‘रमजान’. होय, रमजानच. पुस्तकात हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

या नावांचे दोन थर आहेत, असं अभ्यासक सांगतात. खिरीचा, दरफाळणीचा, होळीचा ही मराठी नावं जुनी. रोजा, रमजान, उरूस ही नंतरची, राहाबीच्या शिकवणुकीनंतर आलेली. त्या काळी कोकणपट्टीत मुसलमानी सत्ता होती, जंजिऱ्याला सिद्दी होते, आणि गावात शेजारी मुसलमान होते. एका अदृश्य ईश्वरासाठी पाणीही न पिता उपास करणं, हे सांगायला आसपास एकच तयार शब्द होता. तो त्यांनी घेतला. म्हणून ते मुसलमान झाले नाहीत, आणि होळी म्हटलं म्हणून हिंदूही झाले नाहीत. जुन्या सणांत हनुक्का नाही. तो सण मंदिर परत मिळाल्याचा, इसवी सनापूर्वी १६४ सालचा. यावरून काहींनी तर्क केला, की हे लोक त्याआधीच मायदेशातून निघाले असावेत. सगळ्यांना तो मान्य नाही. पण ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचा इतिहास सणांच्या यादीत शोधावा लागतो, हे त्यातून कळतं.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. कोचीनहून शिक्षक आले. मिशनरींच्या शाळा निघाल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हगादा’ ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापली गेली. पुण्याच्या पोथीत बिनखमिराच्या रोट्या करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत, आणि त्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. मुसा, योसेफ, एस्तेर यांची आख्यानं लावून मराठीत कीर्तनं होऊ लागली. धर्म पुन्हा हातात आला, आणि तो मराठीतून आला. पण त्याबरोबर सणांची नावं हिब्रू झाली. दरफाळणी गेली, योम किप्पूर आलं. अनाशी गेली, पेसाख आलं. हे स्वाभाविकच होतं. हरवलेलं मिळालं की माणूस उसनं परत करतो.

१९४८ साली इस्रायल झालं आणि कोकणातली घरं रिकामी होऊ लागली. भारतात १९५१ च्या जनगणनेत सुमारे २६ हजार ज्यू होते, आता पाच हजारांच्या आसपास असतील. जे तिकडे गेले त्यांच्या वाट्याला एक विचित्र परीक्षा आली. १९६० नंतर तिथल्या धर्मपीठानं शंका काढली, की यांचे विवाह शास्त्राप्रमाणे झाले आहेत का, यांच्याशी सोयरीक करावी का. ज्यांनी हजारो मैलांवर, ग्रंथाशिवाय, मडक्याचं झाकण जपून धर्म टिकवला त्यांना म्हटलं, पुरावा द्या. ते जेरुसलेमच्या रस्त्यावर ठाण मांडून बसले, आणि १९६४ साली ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं मान्य झालं. राहाबीची मासळीची टोपली पुन्हा पुढ्यात आली होती.

मला ही हकीकत जवळची वाटते. कवितावाचन झालं की कुणीतरी आपुलकीनं जवळ येतं आणि म्हणतं, ‘तुमचं मराठी फार छान आहे हो, कुठं शिकलात?’ शेख महंमदांनी सोळाव्या-सतराव्या शतकात मराठीत ग्रंथरचना केली, त्यांच्या मागून चालणाऱ्याला हा प्रश्न. आमच्याच लोकांतही कुणी विचारतं, उर्दूत का लिहीत नाही. दोन्ही बाजूंना पुरावा हवा असतो. अशा वेळी मला दरफाळणी आठवते. आपला धर्म पूर्ण पाळायचा आणि त्याचं नाव शेजाऱ्याला कळेल अशा भाषेत सांगायचं, ही रीत या मुलखात होती, आणि ती साध्या तेल्यांनी पाळली होती.

आजच्या दिवसांत मुसलमानानं ज्यूंच्या सणांवर बोलणं सोपं नाही, हे मी जाणतो. २०२३ पासून इस्रायल आणि गाझामधून जे ऐकू येतं त्यानं झोप लागत नाही. तिथली मेलेली लेकरं माझ्या डोळ्यांसमोर असतात. २००८ साली मुंबईत नरिमन हाऊसमध्ये मारले गेलेले यहुदी पाहुणेही माझ्या डोळ्यांसमोर असतात. त्या हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनी नकार दिला होता, याचा मला अभिमान आहे. तिकडच्या राज्यकर्त्यांचा हिशेब तिकडे मागावा, जरूर मागावा. तो मावशींच्या दारावर लिहू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि माझ्या दारावरही दुसऱ्या कुणाचा लिहू नये.

मावशी आता नाहीत. त्यांच्या माणसांनी इस्रायलमध्ये घरं केली. तिथं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक अनेक वर्षं निघत आलं. इथं महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबागची इस्रायल आळी आहे, तिथलं सिनेगॉग आहे. पेण, रेवदंडा, पनवेल, ठाणे, पुण्याची रास्ता पेठ, इथंही सिनेगॉग आहेत. काही ठिकाणी शनिवारी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमणं कठीण होतं.

श्रोतेहो, तुमच्या गावी बेने इस्रायलांचं एखादं घर असेल, त्यात कुणी वयस्कर माणूस असेल, तर जरूर भेटा. काळ्या मनुका भिजवून शुक्रवारचं सरबत कसं करतात ते विचारा. वालाचं बिरडं कोणत्या दिवशी व्हायचं ते विचारा. आजी-आजोबा सणांना काय म्हणायचे ते विचारा आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. मराठीच्या थोरल्या शब्दकोशांत ‘रमजान’ सापडतो, ‘उरूस’ सापडतो, ‘मशीद’ सापडते. त्यांच्यासमोर आणखी एक अर्थ लिहायची जागा रिकामी आहे. तो अर्थ सांगू शकणारी माणसं अजून थोडीफार आहेत.